बेंजोवाल्यांचा किनारा

जपानमधल्या नागोया शहरात 1912 साली गोरो मोरिता नावाच्या वादकाने एक लहानसं तंतुवाद्य तयार केलं. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि तारांवर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हातातल्या छोट्या पट्टीने तार छेडायची, की हवा तो स्वर नेमका निघतो. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली होती, म्हणून वाद्याला ‘ताइशोगोतो’ म्हणू लागले. गुरूसमोर वर्षानुवर्षं बसण्याची ऐपत किंवा सवड नसलेल्या माणसालाही कानावर पडलेलं गाणं घरी वाजवता यावं, ही त्यातली मोठी सोय. पुढे हे वाद्य हिंदुस्थानात आलं. कुठे त्याला ‘बुलबुल तरंग’ म्हणाले, कुठे ‘जपानी बँजो’. रायगडच्या किनाऱ्यावर मात्र ते सरळ बेंजो झालं. अमेरिकन बँजोशी त्याचं नातं नावापुरतंच.

आज भाद्रपदात रेवस ते श्रीवर्धन या पट्ट्यात कुठल्याही गावात संध्याकाळी थांबलं, तर हे वाद्य ऐकू येणारच. टेंपोवर चढवलेले भोंगे आणि स्पीकर, मागे धडधडणारा जनरेटर, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट आणि पाठीवर ठळक अक्षरांत बेंजो पार्टीचं नाव. बेंजोचा पहिला सूर कापत जातो, ढोलकी-ताशाचा ठेका त्याला येऊन मिळतो आणि ‘कुठलं गाणं’ हे ओळखायला गर्दीला दुसरी ओळ लागत नाही. मुंबई-पुण्याच्या इंडी रॉकवर जीव टाकणारा चाहता या मिरवणुकीत आला, तर त्याला परकं वाटण्याचं काही कारण नाही. स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला बँड, कामधंदा सांभाळून रात्री केलेल्या तालमी, प्रत्येकाचा वेगळा ‘साउंड’ आणि तो साउंड डोळे मिटून ओळखणारं पब्लिक. त्याच्या आवडीच्या दुनियेतलं सगळं इथे आहे, आणि इथे ते किती तरी आधीपासून आहे.

‘इंडी’ या शब्दामागचा इतिहास असा. जानेवारी 1977मध्ये मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडने उसने पैसे काढून ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाची चार गाण्यांची तबकडी स्वतःच छापली आणि स्वतःच विकली. मोठ्या कंपनीच्या दारात उभं न राहता गाणं लोकांपर्यंत पोहोचवता येतं, हे ब्रिटनमधल्या पोरांना त्यातून कळलं आणि पुढच्या दहा वर्षांत छोट्या लेबलांचं मोहोळ उठलं. रायगडच्या किनाऱ्यावर मोठ्या कंपनीचं दार मुळात जवळ कुठे नव्हतंच. इथलं गाणं गावकीच्या, वाडीच्या, मंडळाच्या पैशांवरच उभं राहिलं.

त्याची मुळं बेंजोच्या फार आधीची आहेत. उरण, पेण, अलिबागच्या आगरी घरांत लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. हळद दळण्यापासून ते वरात येईपर्यंत प्रत्येक विधीचा तिचा वेगळा धवला असतो. ना वाद्य, ना कागद, नुसता आवाज आणि पाठांतर. ती एकाच वेळी गायिका आणि पुरोहित. चांगल्या धवलारणीला शेजारच्या गावांतून बोलावणं येई आणि बायका तिच्या आवाजाचं कौतुक वर्षानुवर्षं करत. किनाऱ्यावरच्या ‘लाइव्ह शो’ची पहिली नायिका कोण, असं विचारलं तर उत्तर तीच.

दक्षिणेकडे, म्हसळा, तळा, माणगाव, श्रीवर्धनकडे गेलं की जाखडी लागते. मधोमध बसलेला शाहीर, मृदंग आणि झांज, भोवती पायात चाळ बांधून गोल फिरणारे नाचे. शाहिरांचे दोन पक्ष: शक्तीवाले आणि तुरेवाले. एकाने पुराणातला सवाल गाण्यातून टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जवाब बांधायचा. दरवर्षी नवी गाणी रचायची, नवी चाल लावायची. गेल्या वर्षीचंच ऐकवलं तर श्रोते तोंडावर सांगतात. आयआयटी मुंबईच्या ‘मूड इंडिगो’त ‘लाइव्हवायर’ ही रॉक बँडची स्पर्धा मोठ्या प्रतिष्ठेची मानतात. शक्ती-तुऱ्याची बारी, म्हणजे हा सवाल-जवाबाचा सामना, त्याहून कठीण म्हणायला हवी, कारण तिथे गाणं समोरच्याच्या गाण्याला उत्तर देऊन जिंकावं लागतं.

ही बारी मुंबईत पोहोचली ती गिरण्यांमुळे. कोकणातला तरुण परळ-लालबागला गेला, गावाच्या नावाने घेतलेल्या खोलीत दाटीवाटीने राहिला आणि त्या खोलीतच मंडळ काढलं. या मंडळांचं हक्काचं ठिकाण म्हणजे परळचं दामोदर नाट्यगृह. ते 1922 सालचं. उभारलं सोशल सर्व्हिस लीगने, आणि 1911मध्ये ती संस्था स्थापणारे कामगारनेते ना. म. जोशी जन्मले ते रायगडमधल्याच गोरेगावात, 1879 साली. गोरेगावच्या मुलाने घातलेल्या पायावर पुढे म्हसळ्या-माणगावच्या शाहिरांनी तिकीट लावून बाऱ्या केल्या. हँडबिलावर दोन शाहिरांची नावं समोरासमोर, खाली त्यांची गावं, आणि हॉलमध्ये निम्मी गर्दी याची, निम्मी त्याची. भाडं मंडळाने भरायचं, तिकिटं मंडळाने खपवायची, तोटा आला तर वर्गणीतून फेडायचा. निर्माता, वितरक, प्रायोजक, सगळं गावकीच. जानेवारी 1982मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले आणि पुढे गिरण्याच उठल्या. त्या पडझडीतही बाऱ्या चालू राहिल्या, ही गोष्ट मराठी सांस्कृतिक इतिहासात ठळकपणे लिहिली जायला हवी होती. दामोदर 2023मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं, तेव्हा कोकणच्या लोककलावंतांनी आवाज उठवला. त्यांच्यासाठी ते घर होतं.

या गाण्याला बेंजो कुणी, कधी जोडला याचा एक दिवस सांगता येणार नाही. अशा गोष्टी ठराव करून होत नाहीत. कारण मात्र स्पष्ट आहे. बेंजो स्वस्त, हलका, शिकायला सोपा, आणि त्याचा आवाज टोकदार. सनई-क्लॅरिनेटला फुंक लागते, तासाभराने वादक दमतो. बेंजोवाला रात्रभर वाजवू शकतो. पेटीखाली पिकअप बसवून वायर ॲम्प्लिफायरला जोडली की तोच आवाज समुद्राच्या वाऱ्याला पुरून उरतो. इलेक्ट्रिक गिटारने अमेरिकेत ब्लूजला जी ताकद दिली, ती ताकद इथे या जपानी पेटीने कोळीगीताला दिली. हा केवळ रायगडचा अनुभव नाही. अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला, मकरानच्या किनाऱ्यावर, बलुची वादकांनी हेच वाद्य आकाराने वाढवून ‘बेंजू’ म्हणून आपलंसं केलं आणि बिलावल बेल्जियम यांच्यासारखा नामवंत वादक त्यातून घडला. किनाऱ्यावरच्या कष्टकऱ्यांना हे वाद्य आपलं वाटावं, असं त्याच्यात काही तरी आहे खास.

बेंजो पार्टीची रचना बघण्यासारखी असते. पुढे बेंजो मास्तर, त्याच्या जोडीला कीबोर्ड. मागे ढोलकी, ढोल, ताशा, झांज, कुठे संबळ. साईडला ऑक्टोपॅड. जपानच्या रोलँड कंपनीने 1985 साली बाजारात आणलेलं हे आठ पॅडचं यंत्र ऑर्केस्ट्रावाल्यांच्या हातून गावोगाव पसरलं आणि इथे येऊन कोळी ठेका शिकलं. दहा-बारा माणसांपासून वीसपर्यंत संच. यातले बहुतेक दिवसा दुसरं काही करतात: कुणी बंदरावर, कुणी रिक्षावर, कुणी कारखान्यात, कुणी बोटीवर. मासेमारी जून-जुलैत बंद असते, लग्नसराई आटोपलेली असते, तेव्हा तालमींना जोर येतो. नारळी पौर्णिमेची मिरवणूक ही पहिली परीक्षा, मग गणपती, गौरी. पेण-उरणकडे त्यानंतर पंधरवड्याने साखरचौथीचे गणपती बसतात, म्हणजे पुन्हा सुपारी. मग नवरात्र, मग गावोगावच्या जत्रा. दत्तजयंतीला चौलच्या डोंगरावरची जत्रा, चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला निघणाऱ्या पालख्या, मध्ये शिमगा, आणि लग्नसराईत हळदीच्या रात्री. देवाचं आणि माणसाचं असं सारं पंचांग या लोकांच्या वहीत सुपाऱ्यांच्या रूपात लिहिलेलं असतं.

हळदीची रात्र हा खरा मंच. तिथे मिरवणुकीसारखी पुढे सरकण्याची घाई नसते, मांडवात गोल धरलेला असतो आणि ऐकणारे जाणकार असतात. आजी-मावश्यांना जुनी गाणी हवीत, पोरांना कालचं आलेलं. मास्तरचं कसब एका गाण्यातून दुसऱ्यात कसं उतरायचं यात दिसतं. एकवीरेच्या गाण्यावरून हिंदी सिनेमातल्या गाण्यावर, तिथून पुन्हा कोळी ठेक्यावर, तेही नाचणाऱ्यांचा पाय न चुकवता. हीच जोडणी लोकांच्या लक्षात राहते. ‘त्या पार्टीने काय उचललं होतं!’ असं पुढे महिनाभर बोललं जातं, आणि पुढच्या लग्नाची तारीख ठरवताना मास्तर मोकळा आहे का, हे आधी विचारणारी घरं आहेत.

संगीतज्ञ अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी मांडल्या: आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम. बेंजो पार्टी यातल्या एका खणात मावत नाही. ठेका लोकसंगीताचा, प्रसंग बहुधा धर्माचा, गाणी जनसंगीताची, वाद्य परदेशी. कदाचित म्हणूनच तिच्याकडे कुणी नीट पाहिलं नाही. लोककलेच्या अभ्यासकाला ती भेसळ वाटली, शास्त्रीयवाल्याला गोंगाट आणि रॉकवाल्याला ‘वरात’. हा अन्याय आहे.

कोळीगीत शहरी मध्यमवर्गाच्या घरात पोहोचलं ते मात्र दुसऱ्या वाटेने. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचं संगीत, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे आवाज. ‘मी डोलकर’ने दर्या घराघरांत आणला. ती गाणी थोरच आहेत. पण त्यात कोळीवाड्यातल्या माणसाचा स्वतःचा आवाज नव्हता. तो आवाज बाजारात आणला कॅसेटने.

आखातात नोकरीला गेलेले कोकणी लोक सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन येऊ लागले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या कित्येक घरांत पहिलं टेप असंच आलं. तबकडी छापायला कारखाना लागे. कॅसेट भरायला एक खोली पुरे. 1983मध्ये गुलशनकुमार यांनी टी-सिरीज काढली, त्याबरोबर आणि त्यानंतर छोट्या कंपन्या उगवल्या आणि देशभरच्या बोलींना पहिल्यांदा बाजार मिळाला. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी 1993मध्ये ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात हा सगळा उलथापालथीचा काळ नोंदवला आहे. आपल्याकडे या लाटेवर सगळ्यात उंच गेले ते वेसाव्याचे ‘वेसावकर आणि मंडळी’. त्यांची ‘वेसावची पारू’ अलिबागच्या एसटी स्टँडवरून, रेवसच्या लाँचमधून, करंज्याच्या बंदरावरून वाजत राहिली. कोळीवाड्यातल्या लोकांनी स्वतः लिहिलेली, स्वतः गायलेली गाणी लग्नात वाजू लागली, आणि बेंजोवाल्यांनी ती कॅसेटवरून कानाने उचलली. पुढे आगरी गायकांची पिढी उभी राहिली. त्यातले संतोष चौधरी ऊर्फ दादूस 2021मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या तिसऱ्या पर्वात दिसले, तेव्हा हळदीच्या मांडवातला गायक थेट घराघरांतल्या टीव्हीवर आला.

याच काळात, भाऊच्या धक्क्यापासून फार लांब नाही अशा धोबीतलावला, रंगभवनच्या उघड्या प्रेक्षागृहात भारतीय रॉकचा चाहता घडत होता. 1986मध्ये फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केलं. ‘रॉक मशीन’ हा बँड, जो पुढे ‘इंडस क्रीड’ झाला, तेव्हा आपली इंग्रजी गाणी घेऊन उभा होता आणि कॉलेजची पोरं काळे टी-शर्ट घालून रांगा लावत होती. रंगभवनच्या आसपास रुग्णालयं आणि कॉलेजं. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथला मोठा आवाज थांबला. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. 2005मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शिक्कामोर्तब केलं. दहाची ही वेळ रॉक बँडला लागू झाली तशीच हळदीच्या मांडवालाही. दोन्हीकडच्या वादकांना पोलिसांची गाडी बघून शेवटचं गाणं अर्ध्यात आवरण्याचा अनुभव सारखाच आला. पुढे रॉकवाल्यांना पर्याय सापडले: 2007मध्ये लोअर परळला, गिरणीच्या आवारातच, ‘ब्लू फ्रॉग’ उघडला, 2010मध्ये पुण्यात ‘एनएच7 वीकेंडर’ सुरू झाला आणि महाराष्ट्रात स्वतंत्र बँड ऐकायला तिकीट काढून जाणारी पिढी तयार झाली. बेंजोवाल्यांसाठी असा बंदिस्त मंच कुणी बांधला नाही.

हे दोन प्रवाह एका पडद्यावर आले ते सप्टेंबर 2016मध्ये. रवी जाधव यांचा पहिला हिंदी चित्रपट ‘बँजो’. रितेश देशमुख वस्तीतला बेंजोवादक, नर्गिस फाखरी त्याचा आवाज शोधत न्यूयॉर्कहून आलेली संगीतकार. संगीत विशाल-शेखर यांचं, आणि त्यातले विशाल ददलानी म्हणजे ‘पेंटाग्राम’ या मुंबईच्या गाजलेल्या रॉक बँडचे गायक. चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही. तरीही बेंजोवाल्याला नायक करणारा तो पहिला मोठा प्रयत्न, आणि रॉकच्या माणसाने बेंजोकडे आदराने पाहिलं याची ती नोंद आहे. मोबाइलवर व्हिडिओ पसरू लागल्यावर तर वरळी बीट्स, जोगेश्वरी बीट्स यांसारख्या मुंबईच्या पथकांचे चाहते किनाऱ्यावरच्या गावागावांत तयार झाले. पथकाचं नाव, वादकाचं नाव, त्याने कुठल्या वर्षी कुठल्या मंडळापुढे काय वाजवलं, हे सगळं तोंडपाठ असलेली मुलं आता भेटतात. इंग्रजी बँडचा चाहता अल्बमचं साल सांगतो त्याच अभिमानाने ती हे सांगतात.

गेल्या काही वर्षांत अलिबागचा किनारा वेगळ्या कारणाने गाजतो आहे. मार्च 2020मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, जानेवारी 2024मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. शहर जवळ आलं आणि त्याच्याबरोबर बंगले, रिसॉर्ट, शनिवार-रविवारचे कार्यक्रम. आवासच्या किनाऱ्यावर याआधीच ‘नारियल पानी’सारखा तंबू ठोकून राहण्याचा संगीत महोत्सव होऊन गेला होता. शहरातले स्वतंत्र बँड वाळूत वाजवतात, ऐकणारे बोटीने येतात, ही चांगलीच गोष्ट. खंत एवढीच, की अशा मंचावर त्याच गावातली बेंजो पार्टी सहसा दिसत नाही. पाहुणे बँड ऐकायला यावेत आणि घरच्या बँडने फाटकाबाहेर वाजवावं, हे किनाऱ्याला शोभत नाही.

दुसरीकडून डीजेने कोंडी केली आहे. दोन माणसं, एक लॅपटॉप आणि भिंतीएवढे स्पीकर. वीस वादकांना जेवण, प्रवास आणि बिदागी देण्यापेक्षा यजमानाला ते सोयीचं पडतं. आवाज अधिक, माणसं कमी. पण डीजेला नाचणाऱ्याच्या पायाकडे बघून ठेका बदलता येत नाही, आजीने मांडवाच्या कोपऱ्यातून म्हटलेली ओळ उचलून वाजवता येत नाही. ज्या घरांनी एकदा डीजे लावून बघितला, त्यातली काही पुन्हा बेंजोकडे वळली आहेत, आणि हे ऐकून बरं वाटतं. वादकांत मुली अजून फारच थोड्या आहेत. ज्या किनाऱ्याची पहिली गायिका धवलारीण होती, तिथे ही उणीव जास्त बोचते.

आणि नोंद? जवळपास नाहीच. बहुतेक जुन्या बेंजो मास्तरांची नावं कुठल्याही कॅसेटच्या वेष्टनावर नाहीत. ती गावातल्या बोलण्यात आहेत, आणि ते बोलणारे थकत चालले आहेत. रॉकच्या चाहत्यांनी आपल्या बँडची पोस्टरं, तिकिटं, ध्वनिफिती जपल्या म्हणून 1986च्या रंगभवनाबद्दल आज बोलता येतं. तेच काम रायगडच्या किनाऱ्यावर करायला संगीतशाळेची पदवी लागत नाही. येत्या नारळी पौर्णिमेला किंवा गणपतीत गावातून बेंजो पार्टी जाईल, तेव्हा पाच मिनिटं थांबा. मास्तरला नाव विचारा, ढोलकीवाल्याचंही विचारा. कुणाकडून शिकले ते विचारा. फोनवर त्यांचं एक गाणं पूर्ण रेकॉर्ड करा आणि खाली गाव, तारीख आणि सगळ्या वादकांची नावं लिहून ठेवा. घरात धवले येणारी आजी असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करा.